चिविताव्हेक्कियाहून रोम: जहाजाची बस की रेल्वे?

क्रूझच्या वेळापत्रकात ‘रोम’ असतं, पण जहाज लागतं चिविताव्हेक्कियाला. तिथून रोम सुमारे ७० किलोमीटर. जहाजाचीच सहल घेतली तर बस बंदरातूनच निघते आणि परतताना वाहतूक तुंबली तरी जहाज थांबतं. सोबत आईवडील असतील तर हेच घ्या. मात्र पैसे बरेच जास्त आणि दिवसभर गाइडच्या मागे पळापळ.

माझं मत रेल्वेला. बंदराच्या शटलने लार्गो देल्ला पाचे हा बसथांबा, पुढे स्टेशन, मग साधारण तासाभरात रोममधलं रोमा सान पिएत्रो स्टेशन. तिथून सेंट पीटर्स बॅसिलिका चालत १५ मिनिटांवर! कागदी तिकीट गाडीत चढण्याआधी स्टेशनवरच्या यंत्रात पंच कराच, नाहीतर दंड बसतो. रेल्वेने जाऊन उशीर झाला तर मात्र जहाज थांबत नाही. दोन-अडीच तास हाताशी ठेवूनच परतीची गाडी पकडा.