पंचाच्या घरातच पंचायतीचं काम गेलं, तर तक्रार कुठे न्यायची?

गोव्यातल्या एका गावाचं उदाहरण धरून चालू. वाड्यावरच्या गटाराचं काम निघालं, चार-पाच लाखांचं. कंत्राट गेलं त्याच वॉर्डातल्या पंचाच्या, म्हणजे निवडून आलेल्या पंचायत सदस्याच्या, बायकोच्या नावावर असलेल्या फर्मला. गावात सगळ्यांना ठाऊक आहे, तिस्कावर, म्हणजे गावच्या तिठ्यावर, रोज चर्चा होते, आणि कोणीतरी शेवटी म्हणतं, ‘लोकायुक्ताकडे घालूया.’ दुसरा म्हणतो, ‘अँटी करप्शनला फोन कर.’ तिसऱ्याला थेट पर्वरीला, हायकोर्टात जायचं असतं.

हे उदाहरण कल्पित आहे, पण पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुठल्याही गावात ते ओळखीचं वाटेल. यातला प्रत्येक मार्ग वेगळ्या कामाचा आहे. म्हणून आधी एक ठरवा: तुम्हाला नेमकं काय घडायला हवंय? बिल थांबवायचंय, पंचाचं सदस्यत्व घालवायचंय, सचिवावर कारवाई हवीय, की कोणाला तुरुंगात पाठवायचंय? ‘सगळंच’ हे उत्तर असेल, तर बहुधा काहीच पदरात पडणार नाही.

लाच वेगळी, हितसंबंध वेगळा

अँटी करप्शन, म्हणजे लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, १९८८च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली चालतो. पंच हा त्या कायद्याच्या अर्थाने लोकसेवक आहे, यात वाद नाही. पण तिथे पैशांची मागणी आणि स्वीकार सिद्ध करावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितलं की थेट साक्षीदार नसला तरी परिस्थितीजन्य पुराव्यावरून मागणी सिद्ध होऊ शकते; मागणी सिद्ध व्हायलाच हवी, हे मात्र कायम ठेवलं. बायकोच्या फर्मला काम दिलं, एवढ्यावर सापळा लावता येत नाही. त्यातच २०१८च्या दुरुस्तीने १७-अ कलम आलं. पदाधिकाऱ्याने घेतलेल्या निर्णयाची चौकशी सुरू करण्याआधी सरकारची मंजुरी लागते. रंगेहाथ पकडायचं असेल तर ती लागत नाही.

तेव्हा हिशेब सरळ आहे. घरदुरुस्तीच्या परवान्यासाठी कोणी पैसे मागत असेल, तर अँटी करप्शनला पर्याय नाही, आणि उशीर करू नका. त्याच २०१८च्या दुरुस्तीने लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. नाइलाजाने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांच्या आत कळवल्यास संरक्षण मिळतं. गटाराच्या कंत्राटासाठी मात्र हा मार्ग बाजूला ठेवा.

पंचायतराज कायदा: कंटाळवाणा, पण खुर्चीपर्यंत पोचणारा

आपल्याकडे पंच-नगरसेवकांसाठी ‘आचारसंहिता’ म्हणून वेगळं पुस्तक नाही. आहे तो गोवा पंचायतराज कायदा, १९९४. राज्यातल्या १९१ ग्रामपंचायती आणि दोन जिल्हा पंचायती त्याच्यावर चालतात. नीतिमत्ता हा शब्द त्यात शोधत बसू नका, अपात्रतेच्या कलमात पाहा. पंचायतीच्या कामात किंवा कंत्राटात ज्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष आर्थिक हिस्सा आहे, तो पंच म्हणून निवडून येण्यास आणि पंच म्हणून राहण्यासही अपात्र ठरतो. ‘राहण्यासही’ हे महत्त्वाचं. निवडून आल्यावर घेतलेलं कंत्राटही त्याला भोवतं. शिवाय ज्या विषयात आपला आर्थिक संबंध आहे, त्यावरच्या चर्चेत वा मतदानात पंचाने भाग घ्यायचा नसतो.

सगळी लढाई होते ती ‘अप्रत्यक्ष’ या शब्दावर. नुसतं नातं पुरत नाही. काम सख्ख्या भावाला गेलं, पण भाऊ वेगळा राहतो, त्याचा धंदा वेगळा, बँक खातं वेगळं, तर पंचाचा आर्थिक हिस्सा दाखवणं कठीण. भागीदारीचा करार, संयुक्त खातं, पंचाच्या नावावरची यंत्रसामग्री किंवा ट्रक असं काही हाती हवं.

बायकोच्या बाबतीत मात्र गोव्यात एक मुद्दा असा आहे जो सीमेपलीकडे सिंधुदुर्गात मांडता येणार नाही. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याने लग्न झालं आणि वेगळा करार केलेला नसला, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. अर्धा वाटा याचा, अर्धा तिचा. मग बायकोच्या फर्मला मिळालेल्या नफ्यात पंचाचा हिस्सा नाही, असं तो कुठल्या तोंडाने सांगणार? प्रत्येक प्रकरणात हा युक्तिवाद टिकेलच असं नाही, कारण लग्न कुठे नोंदलं, त्याआधी करार झाला होता का, हे सगळं तपासलं जाईल. पण तो अर्जात न मांडणं म्हणजे हातातलं हत्यार घरी ठेवून जाणं. नातेवाईक म्हणून काम दिलं हे रडगाणं गाण्यापेक्षा लग्नाच्या नोंदीची प्रत अर्जाला जोडलेली बरी.

राज्यघटनेच्या २४३-एफ कलमानुसार अपात्रतेचा प्रश्न राज्याच्या कायद्याने नेमून दिलेल्या प्राधिकाऱ्यापुढेच जातो. ग्रामसभेत टाळ्या वाजवून पंच अपात्र होत नाही. तिथे प्रतिज्ञापत्र, कागद, उलटतपासणी, तारखा सगळं आलं. अर्ज वकिलाकडून लिहून घ्या. चुकीच्या कलमाखाली केलेला अर्ज फेटाळला गेला की समोरचा गावभर ‘मी निर्दोष सुटलो’ म्हणत फिरतो.

अपात्रता नको, फक्त काम आणि बिल तपासून हवं असेल, तर गटविकास अधिकारी किंवा पंचायत संचालनालय. हा मार्ग स्वस्त आहे, साध्या अर्जावर चालतो. पण संचालनालय दोन्ही बाजूंनी चालतं, हे विसरू नका. ६ डिसेंबर २०२५च्या रात्री हडफडे येथील नाइटक्लबच्या आगीत २५ माणसं गेली, तेव्हा सरपंचाने सांगितलं होतं की पंचायतीने पाडकामाचा आदेश काढला होता आणि संचालनालयाकडून त्याला स्थगिती मिळाली. जिथे तुम्ही दाद मागता, तिथेच समोरचाही मागतो.

सचिवाला विसरू नका

गावात राग सगळा पंचावर असतो, आणि सचिव शांतपणे फाइल बांधत असतो. गंमत अशी की नियमांचा जास्त घट्ट फास त्याच्याच गळ्यात आहे. पंचायत सचिव हा सरकारी कर्मचारी. गोव्यातल्या सरकारी कर्मचाऱ्यांना केंद्राचे १९६४चे नागरी सेवा वर्तणूक नियम लागू आहेत. भेटवस्तू, नातेवाइकाच्या फर्मशी व्यवहार, मालमत्तेची माहिती, सगळं त्यात लिहिलेलं आहे. निविदेची मुदत गुपचूप उरकली, तीन दरपत्रकं एकाच हस्ताक्षरात आहेत, बिल काम होण्याआधी निघालं, अशी तक्रार असेल तर संचालनालय आणि दक्षता खात्याकडे सचिवाविरुद्धचा अर्ज पंचाविरुद्धच्या अर्जापेक्षा लवकर हालतो, असं माझं मत आहे. पंचाला मतदारांचा आधार असतो, सचिवाला सेवापुस्तिकेची भीती.

ग्रामसभा: शिक्षा नाही, नोंद

ग्रामसभेला कमी लेखणारे बरेच आहेत. अध्यक्षस्थानी खुद्द सरपंच, आरडाओरडा, कोणीतरी माइक ओढतो, रविवारची सकाळ वाया. खरं आहे. ग्रामसभा पंचाला काढू शकत नाही. तरीही मी तिला वगळणार नाही, कारण तिथे विचारलेला प्रश्न आणि मिळालेलं उत्तर इतिवृत्तात जातं. प्रश्न आधीच लेखी देऊन पोच घ्या: ‘अमुक कामाचा कार्यादेश कोणाला, किती रकमेचा, आणि ठराव झाला तेव्हा कोणते पंच हजर होते?’ सरपंच भर सभेत म्हणाला, ‘त्या फर्मशी कोणाचा संबंध नाही,’ की ते वाक्य पुढे तुमच्या कामाला येतं. पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचून कायम करताना हे वाक्य गळलं असेल, तर तिथेच उभं राहून हरकत नोंदवा. बहुतेक जण हेच करत नाहीत.

माहितीचा हक्क कशाशी स्पर्धा करत नाही

बाकी सगळे मार्ग एकमेकांना पर्याय आहेत. माहिती अधिकाराचा अर्ज मात्र कुठलाही मार्ग घेतलात तरी आधी लागतो. २००५चा केंद्रीय कायदा येण्याआधी, १९९७ मध्येच गोव्याने स्वतःचा माहिती हक्क कायदा केला होता. त्यामुळे इथल्या कार्यालयांना हा प्रकार नवा नाही आणि टाळण्याच्या वाटाही पाठ आहेत. अर्ज दहा रुपयांचा, तीस दिवसांत उत्तर. पंचायतीत सचिव माहिती अधिकारी असतो, पहिलं अपील गटविकास अधिकाऱ्याकडे जातं. दुसरं अपील नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे. तिथे निकालाला कायद्याने मुदत नाही, हा त्यातला मोठा खड्डा.

मागायचं काय, यावर सगळं अवलंबून. ‘कामात भ्रष्टाचार झाला का?’ असं विचारलं तर उत्तर येणार नाही, कारण ती माहिती नव्हे, मत आहे. कागदांची नावं लिहा: मंजुरीचा ठराव, निविदा सूचना, आलेल्या दरांचा तुलनात्मक तक्ता, कार्यादेश, मोजमाप पुस्तकाची संबंधित पानं, बिल आणि चेकचा तपशील. आणि ज्या मासिक सभेत हा विषय आला तिच्या हजेरीपुस्तकाचं पान.

त्या पानाकडे जरा निरखून पाहा. विषय क्रमांक सहाला गटाराचं काम, हजेरीत पंचाची सही, ठरावाखाली ‘सर्वानुमते मंजूर’. पंच त्या विषयापुरता बाहेर गेला असता तर तशी नोंद हवी होती. नोंद नाही, म्हणजे तो बसला होता. आपला संबंध असलेल्या विषयात भाग घेतला हे सिद्ध करायला एवढं एक पान गावकऱ्यांच्या शंभर सह्यांच्या निवेदनापेक्षा भारी पडतं. प्रती मागण्याऐवजी आधी फाइलची पाहणी मागितलीत तर आणखी चांगलं. कायदा तो हक्क देतो, आणि मागितली नसती अशी पानं पाहणीत सापडतात.

लोकायुक्त: नाव मोठं

गोवा लोकायुक्त कायदा २०११चा. पहिले लोकायुक्त न्यायमूर्ती बी. सुदर्शन रेड्डी २०१३ मध्ये आले आणि त्याच वर्षी राजीनामा देऊन गेले. न्यायमूर्ती प्रफुल्लकुमार मिश्रा २०१६ ते २०२० या काळात होते. जाताना त्यांनी उघड सांगितलं की आपण सरकारला २१ अहवाल पाठवले, एकावरही कारवाई झाली नाही, त्यापेक्षा ही संस्था बंद केलेली बरी. पुढे २०२१च्या दुरुस्तीने अधिकार आणखी छाटले गेले. या पार्श्वभूमीवर गटाराच्या कंत्राटासाठी लोकायुक्तांकडे गेलात, तर शेवटी हातात अहवाल येईल आणि तो अहवाल ज्यांच्याकडे जाईल ते राजकारणी असतील.

मग पूर्ण टाळायचं? नाही. पंच आणि नगरसेवकांनाही दर वर्षी मालमत्तेचं विवरण लोकायुक्तांना द्यावं लागतं. न देणाऱ्यांची नावं त्या कार्यालयाने प्रसिद्धही केली आहेत. तुमच्या पंचाने विवरण दिलं का, हे तपासा. ज्या प्रकरणात आमदार-मंत्र्यापर्यंत धागा जातो आणि स्वतंत्र चौकशीचा अहवाल हीच मोठी गोष्ट ठरेल, तिथे लोकायुक्त अजूनही उपयोगी आहेत. एका वॉर्डाच्या कंत्राटासाठी नाहीत.

पर्वरी

हायकोर्टात पहिला प्रश्न विचारला जातो: कायद्यात दुसरा उपाय होता, तो केलात का? म्हणून अपात्रतेचा अर्ज, संचालनालयाकडचा अर्ज, त्यावरची दिरंगाई असा कागदी माग असेल तरच तिथे जाण्यात अर्थ. मग मात्र कोर्ट जोरात चालू शकतं. रस्त्याकडेच्या आणि शेतांतल्या बेकायदा बांधकामांवर हायकोर्टाने मार्च २०२५ मध्ये स्वतःहून घेतलेल्या प्रकरणात दिलेला निकाल पंचायतींना आणि सचिवांना अजून टोचतो. खर्चाची धास्ती असेल तर एक लक्षात ठेवा: विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळायला स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. त्यामुळे अर्जदार म्हणून वाड्यावरची एखादी बाई पुढे आली तर खर्चाचा प्रश्न बराच सुटतो, अर्थात तिची स्वतःची तयारी असेल तरच. गावातला रोष तिलाच झेलायचा असतो.

नगरपालिका क्षेत्रात राहत असाल तर तत्त्व तेच, कायदा वेगळा: तेरा पालिकांना १९६८चा नगरपालिका कायदा, पणजीला २००२चा महानगरपालिका कायदा. नगरसेवकाच्या कंत्राटातील हिस्सेदारीवर बंधन तिथेही आहे. सचिवाच्या जागी मुख्याधिकारी, पणजीत आयुक्त. ग्रामसभा मात्र तुम्हाला नाही, त्यामुळे माहिती अधिकारावर भिस्त जास्त.

मला विचाराल तर गटाराच्या प्रकरणात क्रम असा लावावा: माहिती अधिकाराचा अर्ज आणि ग्रामसभेतला लेखी प्रश्न एकाच आठवड्यात, कागद आल्यावर सचिवाविरुद्ध संचालनालयात, आणि हिस्सेदारीचा पुरावा खरोखर असेल तर अपात्रतेचा अर्ज. पुरावा फक्त नात्याचा असेल, तर अपात्रतेच्या वाटेला न जाता बिलाच्या चौकशीवर थांबावं. १० ऑगस्ट २०२२ला मतदान झालेल्या १८६ पंचायतींची पाच वर्षांची मुदत २०२७ मध्ये संपते. माहितीसाठी तीस दिवस, पहिल्या अपिलाला तीस ते पंचेचाळीस, मग सुनावणीच्या तारखा. मुदत संपायला आली असताना केलेला अपात्रतेचा अर्ज निकाली निघण्याआधीच निरर्थक होतो, तेव्हा पहिला अर्ज याच आठवड्यात पंचायतीत देऊन पोच घ्या.