पायलोनायडल सायनस : जखम उघडी ठेवावी की फ्लॅप करावा?

रावेर भागात केळीचा ट्रक चालवणाऱ्या एका तरुणाला माकडहाडाजवळच्या सायनससाठी, म्हणजे केस रुतून त्वचेखाली झालेल्या पोकळीसाठी, हे दोन पर्याय सांगितले गेले आहेत. (गळू ठणकत असेल तर आधी चिरा देऊन पू काढावाच लागतो, ही तुलना त्यानंतरची.)

सायनस कापून जखम उघडी ठेवण्याची शस्त्रक्रिया छोटी आणि स्वस्त असते. पण जखम तळापासून भरून यायला अनेक आठवडे, कधी काही महिने लागतात, आणि ड्रेसिंगसाठी वारंवार भुसावळला जायचे तर गाडीभाडे व बुडालेली मजुरी धरता ती स्वस्ताई फारशी उरत नाही. लिंबर्ग फ्लॅपमध्ये शेजारची त्वचा फिरवून खड्डा झाकतात. खर्च एकदम येतो, व्रण मोठा राहतो, टाके उसवण्याचा धोकाही असतो. मात्र टाके साधारण दोन आठवड्यांत निघतात आणि टाक्यांची रेघ नितंबांमधल्या घळीपासून दूर राहिल्याने दुखणे उलटण्याची शक्यता कमी होते.

तिथले केस वेळोवेळी काढणे आणि सलग बसणे टाळणे दोन्हींत अटळ आहे.

सायनस लहान असून घरी ड्रेसिंग करणारे कोणी असेल, तर उघडी जखम चालेल. दुखणे उलटलेले असेल किंवा लवकर कामावर परतायचे असेल, तर फ्लॅप बरा, पण तंबाखू-विडी सोडूनच.