बिलात ब्रेक ऑइल नवं, चाकांत जुनंच

मागच्या महिन्यात महाबळेश्वरहून पोलादपूरकडे आंबेनळी घाटाने उतरत होतो. गाडीत आम्ही पाच जण, डिकी भरलेली, मागच्या सीटवर माझी म्हातारी आई. अर्धा घाट उतरल्यावर एका वळणावर ब्रेक दाबला तर पॅडल मऊ लागलं. पुढच्या वळणावर ते जवळजवळ तळाला टेकलं. भराभर पंप केल्यावर थोडा जोर आला. तेवढ्यात दुसऱ्या गिअरवर आणून, हँडब्रेक हळूहळू ओढत, रुंद जागा बघून गाडी थांबवली. चाकांतून जळका वास येत होता. आई सारखी विचारत होती, काय झालं रे, आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

अर्ध्या तासाने पॅडल पुन्हा पहिल्यासारखं कडक! मी चक्रावून गेलो, कारण तीनच आठवड्यांपूर्वी ब्रेक ऑइल बदलून घेतलं होतं. घराजवळच्या नेहमीच्या वर्कशॉपमध्ये, पक्क्या बिलावर. ब्रेक ऑइल, मजुरी, ब्लीडिंग (म्हणजे चाकांतून जुनं ऑइल सोडून काढणं) असे मिळून १,४५० रुपये. बॉनेट उघडून त्यांनी मला डबीही दाखवली होती. आत सोनेरी, स्वच्छ ऑइल. माझं समाधान झालं होतं.

पहिल्या गिअरवर रांगत खाली पोचलो आणि एका छोट्या गॅरेजमध्ये गाडी दाखवली. तिथला मुलगा जेमतेम पंचविशीचा. त्याने डबीकडे बघितलंही नाही, सरळ चाक काढलं. ऑइल जिथून सोडतात त्या निपलवरची रबरी टोपी धुळीने आणि चिखलाने माखून दगडासारखी झाली होती. "काका, याला वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नाही," तो म्हणाला. पारदर्शक नळी लावून, मला पॅडल दाबायला बसवून त्याने निपल सैल केलं. बाटलीत कोऱ्या चहासारखं काळपट ऑइल उतरलं. चारही चाकांची तीच गत.

आधीच्या वर्कशॉपने सिरिंजने फक्त डबीतलं ऑइल ओढून नवं ओतलं होतं. आपण फसतो ते इथेच. इंजिन ऑइल सगळीकडे फिरतं, तसं ब्रेक ऑइल फिरत नाही. कॅलिपरमधलं, म्हणजे चाकाजवळच्या ब्रेकच्या भागातलं, जुनं ऑइल तिथेच पडून राहतं, आणि सगळ्यात जास्त तापतं तेही तिथलंच. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. नवं डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा मुरला की ती मर्यादा १५५ च्या आसपास येते. लांब उतारावर आतल्या आत वाफ होते, वाफ दबते आणि पाय खाली जातो. गार झालं की सगळं ठीक. म्हणून तर परत येऊन जाब विचारला तेव्हा वर्कशॉपवाला पॅडल दाबून म्हणाला, "साहेब, ब्रेक तर एकदम मस्त आहेत." मला प्रचंड संताप आला.

काढलेल्या टोपीचे आणि बाटलीचे फोटो, दोन्ही बिलं समोर ठेवली. तरी त्याने दाद दिली नाही. मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तेव्हा कुठे पैसे परत आले.

कळकळीने सांगतो, काम होताना तिथे उभे राहा. सीलबंद डबा तुमच्यासमोर फोडू द्या. चारही निपलमधून जुनं ऑइल बाटलीत उतरलेलं आणि शेवटी स्वच्छ धार आलेली स्वतः बघा. वीस मिनिटांत गाडी तयार म्हणाले तर शंका घ्या. माझी तेवढ्याच वेळात झाली होती. आधीच काम करून घेतलं असेल तर मोबाइलच्या उजेडात चाकामागची टोपी बघा. तिच्यावरची धूळ खोटं बोलत नाही. कंपनीच्या पुस्तिकेतली मुदतही तपासा. बऱ्याच गाड्यांना ती दोन वर्षांच्या आसपास असते.

माझे पैसे मिळाले. पण ऑइल बदललं त्या दिवशी वर्कशॉपमध्ये माझ्या गाडीशेजारी आणखी दोन गाड्या बॉनेट उघडून उभ्या होत्या. त्यातली एक शाळेच्या मुलांची व्हॅन होती. तिच्या चालकाला शोधून मी हे सगळं सांगितलं. दुसरी गाडी कुणाची, ते अजून सापडलेलं नाही.