डिस्क्रीट मॅथ्स: कॉलेजचा पेपर, एनपीटीईएल की एमआयटी?

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या 2019 च्या पॅटर्नमध्ये, म्हणजे त्या वर्षीच्या अभ्यासक्रमात, सेकंड इयर कॉम्प्युटर सुरू झालं की पहिल्याच सेमला डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स असायचं, म्हणजे संच, तर्क, मोजणी, ग्राफ यांचं गणित. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच मुलं विचारायला लागतात: कॉलेजच्या लेक्चरवर भागेल का, एनपीटीईएलचा (आयआयटी वगैरे संस्थांच्या ऑनलाइन कोर्सच्या व्यासपीठाचा) कोर्स लावू का, की अमेरिकेतल्या एमआयटीची लेक्चर्स बघू? विषय तिन्हीकडे एकच आहे, पण शिकवायची तऱ्हा आणि मार्क द्यायची पद्धत इतकी वेगळी आहे की एकाच्या तयारीवर दुसरं निभत नाही. माझं मत आधीच सांगते. व्हिडिओ कुणाचे सरस, हा मुद्दा दुय्यम आहे. तुम्ही कागदावर लिहिलेली सिद्धता कुणी वाचणार आहे का, हे आधी बघा. या विषयात शिकायचं ते मुख्यतः तेच असतं.

आधी आपला पेपर. 2019 च्या पॅटर्नमध्ये सहा युनिट होते: संच आणि तर्कशास्त्र, संबंध आणि फलनं, मोजणीची तत्त्वं, ग्राफ थिअरी (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा), ट्री (वळसा नसलेले ग्राफ), आणि शेवटी बैजिक रचना व कोडिंग थिअरी. इनसेम, म्हणजे सेमच्या मधली परीक्षा, 30 मार्कांची, पहिल्या दोन युनिटवर. एंडसेम, म्हणजे शेवटची, 70 ची, उरलेल्या चारांवर. प्रत्येक युनिटवर दोन प्रश्न यायचे, त्यातला एक सोडवायचा. म्हणजे आख्खं युनिट ऑप्शनला टाकता येत नाही, पण युनिटमधला नावडता भाग टाकता येतो, आणि मुलं तो हमखास टाकतात. आठवड्याला तीन तास लेक्चर, आणि त्यात सहा युनिट बसवायचे म्हटल्यावर सरांना फळ्यावर दोन उदाहरणं सोडवून पुढे जावंच लागतं. जुने पेपर चाळले की नेहमीचे प्रश्न चटकन दिसतात: तीन वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांचं सर्वेक्षण आणि वेन आकृती, वॉर्शलच्या पद्धतीने ट्रान्झिटिव्ह क्लोजर, हासे आकृती, हफमन कोड, क्रुस्कल किंवा प्रिम.

याची जमेची बाजू लोक विसरतात. उत्तर हाताने, पायरीपायरीने लिहावं लागतं आणि माणूस ते तपासतो. इंडक्शनमध्ये, म्हणजे एका संख्येवरून पुढच्या संख्येवर जात विधान सगळ्या संख्यांसाठी सिद्ध करायच्या रीतीत, एन बरोबर 1 साठी पडताळा, के साठी गृहीत, के अधिक 1 साठी सिद्ध, या पायऱ्यांना मार्क असतात. शेवटची बेरीज चुकली तरी सगळं पाण्यात जात नाही. उणी बाजू अशी की तपासनीस काय म्हणाला ते तुमच्यापर्यंत पोचतच नाही. हातात पडतो तो नुसता आकडा. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवता येते, पण निकाल लागल्यावर, आणि तोवर पुढची सेम सुरू झालेली असते.

एनपीटीईएलवर या विषयाचे दोन कोर्स मला सांगावेसे वाटतात. एक आयआयआयटी बंगळुरूच्या प्रा. आशिष चौधुरींचा, दुसरा आयआयटी रोपडच्या प्रा. सुदर्शन अय्यंगारांचा. दोन्ही 12 आठवड्यांचे, पण प्रत्येक सत्रात दोन्ही असतीलच असं नाही. चौधुरी काटेकोर आहेत. व्याख्या, प्रमेय, सिद्धता, मग पुढचं, असा त्यांचा क्रम, आणि गटसिद्धांत व संख्यासिद्धांताच्या (नंबर थिअरीच्या) पायापर्यंत ते नेतात. अय्यंगार छोट्या छोट्या व्हिडिओंतून आधी कल्पना मनात उतरवतात आणि चिन्हं मागून आणतात. बारावीनंतर गणिताची धास्ती बसलेल्याने अय्यंगारांपासून सुरुवात करावी. गेटची, म्हणजे एमटेकच्या प्रवेशपरीक्षेची, स्वप्नं पाहणाऱ्याने थेट चौधुरींकडे जावं.

मार्कांची पद्धत अशी: 12 असाइनमेंटपैकी सर्वोत्तम 8 चे 25 टक्के, आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे 75 टक्के. प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये 25 पैकी 10 आणि परीक्षेत 75 पैकी 30 हवेतच. नावनोंदणी फुकट, परीक्षेचे 1000 रुपये. जुलैत सुरू होणारं सत्र आपल्या सेमला समांतर चालतं, आणि दर आठवड्याची मुदत माणसाला अभ्यासाला बसवते. माझ्या मते हाच त्याचा सगळ्यात मोठा फायदा. पण असाइनमेंट बहुतेक पर्यायी उत्तरांची असते, तपासणारं मशीन असतं, आणि मशीनला तुमचा विचार दिसत नाही. ‘बी’ बरोबर आला की झालं. तो तुम्ही सिद्ध करून काढलात की चार पर्यायांतले तीन खोडून, यात मशीन फरक करत नाही.

एमआयटीच्या ‘मॅथेमॅटिक्स फॉर कॉम्प्युटर सायन्स’ची 2010 ची 25 लेक्चर्स ओपनकोर्सवेअर या एमआयटीच्याच संकेतस्थळावर मोफत आहेत. शिकवणाऱ्यांत टॉम लेटन आहेत, अकामाई कंपनीचे सहसंस्थापक. सुरुवातच सिद्धतेपासून होते. दुसरीकडे क्वचित दिसणारी एक गोष्ट तिथे नीट कळते, तिचं उदाहरण देते. बाजू 2 च्या घातात असलेलं चौकोनी अंगण घ्या, समजा 16 बाय 16. त्यात तीन चौकटींच्या एल आकाराच्या फरश्या बसवायच्या, आणि मध्यावरच्या चार चौकटींपैकी एक पुतळ्यासाठी मोकळी ठेवायची. हे प्रत्येक अशा अंगणात जमेल का?

इंडक्शन लावायला जा. अंगणाचे 8 बाय 8 चे चार भाग पडतात. पुतळा एका भागात गेला. उरलेल्या तिघांना सांधणारी एक एल फरशी बरोबर मध्यावर ठेवली की चारही भागांत एकेक चौकट व्यापली जाते. पण ती कोपऱ्यातली! आपलं गृहीतक तर मध्यावरच्या चौकटीचं, म्हणजे इथे ते कुचकामी. मग करायचं काय? विधानच कडक, म्हणजे जास्त व्यापक करायचं: पुतळा कुठेही असो, फरशी बसते. आता गृहीतकही तितकंच ताकदवान होतं आणि तीच एल फरशी काम पुरं करते. जास्त मोठं विधान सिद्ध करणं सोपं निघालं! आपल्या पेपरात इंडक्शन बहुधा बेरजेच्या सूत्रावर येतं. तिथे पायऱ्या पाठ होतात, पण हे दिसत नाही.

एमआयटीच्या 2015 च्या आवृत्तीत अल्बर्ट मेयर वगैरेंनी व्हिडिओ घरी बघायला दिले आणि वर्गाचा वेळ मुलांनी गटागटाने फळ्यापाशी प्रश्न सोडवण्यासाठी ठेवला. सिद्धता मांडायची, दुसऱ्याने खोडायची, परत मांडायची. नेमकं हेच घरबसल्या व्हिडिओ बघणाऱ्याला मिळत नाही. मुदत नाही, तपासणारं नाही, प्रमाणपत्र नाही. शिवाय अभ्यासक्रम जुळत नाही. तिथे संभाव्यतेवर बरीच लेक्चर्स आहेत, आणि आपल्या सहाव्या युनिटचं कोडिंग थिअरी तिथे शोधू नका.

मग कुणी काय घ्यावं? डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेल्यांनी पहिली सेम फक्त कॉलेजचा पेपर आणि मदतीला अय्यंगारांचे व्हिडिओ, एवढंच ठेवावं. परीक्षेचे पैसे भरायची घाई नको, डेटा स्ट्रक्चरसारखे बाकीचे विषय डोक्यावर असतातच. गेट द्यायचंय त्यांनी एनपीटीईएल परीक्षेसकट करावं. गेटचा पेपरही पर्याय आणि संख्यात्मक उत्तरांचाच आहे, तिथे पायऱ्यांना मार्क नाहीत, त्यामुळे हा सराव थेट कामी येतो. पुढे अल्गोरिदम किंवा क्रिप्टोग्राफीत खरं काम करायचंय, एमएसला जायचंय, त्यांनी एमआयटीचे निदान सिद्धता, इंडक्शन आणि ग्राफ हे भाग पेन हातात घेऊन बघावेत, व्हिडिओ थांबवून आधी स्वतः लिहावं.

आणि काहीही निवडलंत तरी आठवड्याला एक सिद्धता पूर्ण वाक्यांत लिहून विषयाच्या सरांना किंवा मॅडमना दाखवा. ‘पाच मिनिटं आहेत का’ असं विचारल्यावर बहुतेक शिक्षक नाही म्हणत नाहीत. विचारायला येणारी मुलंच कमी असतात. शिक्षकांना अगदीच वेळ नसेल तर वर्गातल्या एखाद्या शंकेखोर मैत्रिणीला वाचायला द्या, आणि तिला एकच सांगा: जिथे ‘हे उघडच आहे’ लिहिलंय तिथे मला अडव.