चुंबक चिकटलं, तरी मी आणखी पैसे पाठवले

सायकलच्या एका सीटपायी माझे 10,570 रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरी, कामावर, चौकीत सगळ्यांनी पहिल्यांदा तोच विचारला आणि ऐकून तोंड वाकडं केलं. "एवढ्या पैशात सायकल आली असती." माहीत आहे मला.

मी भोसरीत एका मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहे. 22 वर्षं झाली. आलेला माल घ्यायचा की परत पाठवायचा, हे ठरवणं हेच माझं काम. खिशात माप घ्यायचा व्हर्निअर, ड्रॉवरमध्ये चुंबक. फसल्याचं कळल्यावर पैशांपेक्षा हेच जास्त लागलं, आणि म्हणूनच हे लिहायला बसायला इतके दिवस गेले.

सेकंडहँड माउंटन बाईक घेतली तेव्हा तिच्यावर रुंद, गुबगुबीत सीट होती. दर रविवारी पाषाणहून चांदणी चौक, भूगाव करत पिरंगुटच्या घाटापर्यंत जातो. तासाभरानंतर दोन पायांमधली जागा बधिर व्हायची, घरी आल्यावर बराच वेळ मुंग्या. पुरुष यावर बोलत नाहीत, मी बोलतो. तिथून नस जाते, तिच्यावर दाब पडतो. बधिरपणा अंगावर काढू नका. मी आधी 349 रुपयांचं जेल कव्हर चढवलं, तर त्रास वाढला. सीट मऊ असली की हाडं आत रुततात आणि मधला भाग वर येऊन नेमका नको तिथे टोचतो. हे मला नंतर समजलं.

मग मी रीतसर अभ्यास केला. हे मुद्दाम लिहितोय, कारण "घाई केली असेल" असं प्रत्येक जण म्हणतो. मी घाई केली नाही. कोरुगेटेड खोक्याचा पुठ्ठा स्वयंपाकघरातल्या लाकडी स्टुलावर ठेवला, पातळ चड्डीवर त्याच्यावर बसलो, टाचा उचलल्या, सायकलवर असतो तसा पुढे वाकलो आणि मिनिटभर तसाच राहिलो. उठल्यावर पुठ्ठ्यावर बैठकीच्या दोन हाडांचे खळगे दिसतात. मुलीच्या निळ्या खडूने ते रंगवले, मध्यापासून मध्यापर्यंत मोजलं. 117 मिलिमीटर. त्यात माउंटन बाईकच्या बसण्याच्या पद्धतीनुसार वीस-पंचवीस मिळवायचे, म्हणजे मला साधारण 137 ते 142 रुंदीची सीट हवी. मध्ये कापलेली, फार मऊ नसलेली. माझ्या सीटपोस्टचा, म्हणजे सीट धरणाऱ्या दांड्याचा क्लॅम्प 7 मिलिमीटरच्या गोल रेलचा आहे (रेल म्हणजे सीटखालच्या दोन सळ्या). कार्बनची रेल बहुतेक 7 बाय 9 ची, अंडाकृती असते, ती त्यात बसवायची नसते. एवढं सगळं मला ठाऊक होतं.

आणि ज्याने मला फसवलं, त्याने नेमकं तेच विचारलं.

मोबाईलवर जाहिरात आली, "इम्पोर्टेड सॅडल, टायटॅनियम रेल, 143 एमएम, 30 दिवस ट्राय करा". मेसेज केला तर पहिला प्रश्न, "दादा, सिट बोन किती भरतात?" आमच्या भागातल्या तीन दुकानांत फिरलो होतो, एकानेही मला हे विचारलं नव्हतं. एकाने तर "बसून बघा, मऊ आहे" म्हणून सोफ्यासारखी सीट पुढे केली. जाहिरातवाल्याला मी पुठ्ठ्याचा फोटो पाठवला. तो म्हणाला, "परफेक्ट मोजलंय दादा, लोक एवढं करत नाहीत." तिथेच मी विरघळलो. तुमचा विषय माहीत असलेला माणूस प्रामाणिकच असेल असं धरून चालू नका. विषय शिकायला त्याला दोन तास लागतात.

किंमत 6,850. अस्सल माल बारा-तेरा हजारांच्या घरात जातो. तो म्हणाला, मागच्या वर्षीचं मॉडेल, खोकं फाटलेलं, म्हणून स्वस्त. दोन हजारांत देतो म्हणाला असता तर मी ढुंकून पाहिलं नसतं. मला हाव सुटली नव्हती. भाव पटेल असाच त्याने लावला होता. 9 ऑगस्ट 2025, राखीपौर्णिमेचा शनिवार. बहीण आलेली, घर भरलेलं, मी गॅलरीत उभा राहून यूपीआयने पैसे पाठवले. पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर घेणाऱ्याचं नाव येतं. सायकलच्या दुकानाऐवजी तिथे कुठल्याशा मोबाईल ॲक्सेसरीजवाल्याचं नाव होतं. मी वाचलं. "भावाचा अकाउंट असेल" असं स्वतःशीच म्हटलं आणि पिन टाकला. ते नाव बँकेत नोंदलेलं असतं, ते दुकानाच्या नावाशी जुळलं नाही तर तिथेच थांबा. भाऊ, मेहुणा, पार्टनर, काहीही सांगू देत.

पार्सल 16 तारखेला आलं. खोकं उघडलं तेव्हाच हाताला वजन जास्त लागलं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली, 438 ग्रॅम. जाहिरातीत 215 लिहिलं होतं. व्हर्निअर लावला. खाली "143" चं स्टिकर, प्रत्यक्ष रुंदी 166. स्टिकरचा कोपरा नखाने उचलला तर खाली दुसरंच काहीतरी छापलेलं. मग बॅगेतलं चुंबक काढलं आणि रेलजवळ नेलं. टक् करून चिकटलं.

टायटॅनियमला चुंबक चिकटत नाही. नववीतल्या मुलालाही सांगितलं तर कळेल. (उलट मात्र धरू नका, चुंबक चिकटलं नाही म्हणजे टायटॅनियमच असं नाही, स्टेनलेसच्या काही जातींनाही चिकटत नाही.) मी ते चुंबक ओढून काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा चिकटलं. दोन्ही रेलना. पुढे, मागे. चार वेळा. कारखान्यात असं झालं असतं तर लाल टॅग लावून पाच मिनिटांत माल बाजूला काढला असता, वरच्याला फोन केला असता, एक रुपया पुढे सोडला नसता. घरी मी काय केलं? दुसऱ्या दिवशी ती सीट सायकलवर चढवून पिरंगुटला गेलो. एक आठवडा वाट बघितली होती, मनाला वाटलं, निदान बसून तर बघू. येताना भूगावच्या अलीकडे सीट करकरायला लागली आणि उजवी मांडी सोलली.

संध्याकाळी मेसेज केला. त्याने लगेच फोन केला, अगदी मनापासून माफी मागितली. गोडाऊनमधल्या पोराने चुकून दुसरा पीस टाकला म्हणे. मला तेच ऐकायचं होतं. चुंबकाने दिलेलं उत्तर बाजूला ठेवून मी त्याच्या आवाजावर विश्वास ठेवला, कारण तसं केलं नसतं तर 6,850 गेले हे त्याच रात्री कबूल करावं लागलं असतं. सगळ्यात मोठी चूक ही. पहिला फसवणुकीचा माल कोणाच्याही हातात येऊ शकतो. पण त्यानंतरचे सगळे पैसे मी डोळ्यांनी बघून पाठवले.

सीट वापरली म्हणून "कपात आणि पिकअप" 1,180. हे 18 तारखेला भरले. पिकअपला कोणी आलंच नाही. मग म्हणाला, तुम्हीच कुरिअर करा, पावती पाठवा, बिलात वजा करतो. बायको म्हणाली, "अहो, आधी पैसे येऊ द्या, मग पाठवा. वस्तू गेली की हातात काय राहील?" मी तिच्यावर चिडलो. 190 रुपये देऊन 19 तारखेला कुरिअर केलं. 23 ला निरोप आला, नवीन पीस निघालाय पण "इन्शुरन्स होल्ड" आहे, 2,350 भरा, डिलिव्हरीच्या वेळी परत मिळतील. परत मिळणारे पैसे आधी मागणारा माणूस चोर असतो. मी भरले. 25 तारखेला त्याचा डीपी दिसेनासा झाला.

हरताळकेच्या रात्री 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवली, पोच क्रमांक मिळाला. पण पहिली रक्कम जाऊन 17 दिवस झाले होते. हा नंबर पैसे गेल्या-गेल्या लावायचा असतो, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत. लाज वाटते म्हणून सकाळपर्यंत थांबू नका. मी लाजेतच दिवस घालवले.

1 सप्टेंबरला चौकीत गेलो. गणपतीचा बंदोबस्त, माणसं नाहीत, हे मला मान्य आहे. पण टेबलामागच्या हवालदाराने आधी विचारलं, "सायकल चोरीला गेली?" म्हटलं, सीट. त्याने शेजारच्याकडे बघितलं. "सीटसाठी आलात?" मी स्क्रीनशॉट दाखवायला लागलो तर म्हणाला, विसर्जन झाल्यावर या. 6 तारखेला विसर्जन झालं, 9 ला गेलो. दुसराच माणूस. पुन्हा पहिल्यापासून सगळं. मग प्रश्न आला, "ती वस्तू कुठाय?" कुरिअर केली. "मग आम्ही पंचनामा कशाचा करायचा?" बायकोचंच वाक्य, फक्त आता सरकारी खुर्चीतून.

गुन्हा नोंदवा म्हटलं, भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आहे, फसवणुकीचं. त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "साहेब, नंबर परराज्यातला दिसतोय. दहा हजारासाठी तिकडे कोण जाणार?" नव्या कायद्यात हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. तेही बोललो. त्यावर उत्तर, "अर्ज द्या, बघतो." अर्ज दिला. पोचेचा शिक्का मारून द्यायलाही अर्धा तास लावला. शिक्का घेतल्याशिवाय उठू नका, अर्ज दिला होता हे सिद्ध करायला नंतर तेवढाच कागद हातात असतो. आजवर त्या अर्जावर एक फोन आलेला नाही. दहा हजार ही कोणाच्या दृष्टीने लहान रक्कम आहे? माझा महिन्याचा किराणा आणि मुलीची क्लासची फी मिळून तेवढे होतात. असे शंभर जण असतील तर ते दहा लाख होतात, पण प्रत्येकाला वेगळं उभं करून "तुमचे फक्त दहा" म्हणून घरी पाठवायचं. त्या चोराला हे पक्कं माहीत असणार, म्हणूनच तो पन्नास हजार मागत नाही.

बँकेत गेलो. पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार तुम्ही स्वतः केलाय, आम्ही काही करू शकत नाही. तीन वेगवेगळ्या काउंटरवर हेच वाक्य. त्या खात्यात आणखी लोकांचे पैसे जात असतील, ते तरी गोठवा म्हटलं, तर ते खातं आमच्या बँकेचं नाही. ज्या बँकेचं आहे तिला ईमेल केला, तर उत्तर आलं, तुम्ही आमचे ग्राहक नाही. कुरिअरवाल्याकडे पाठवणाऱ्याचा पत्ता मागितला, लेबलवर फक्त त्यांच्याच हबचं नाव होतं.

ग्राहक आयोगाचंही बघितलं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही, ऑनलाइन दाखल करता येते, सगळं चांगलं आहे. पण समोरच्याचं नाव आणि पत्ता लिहावा लागतो. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांनुसार विकणाऱ्याने पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव दाखवलंच पाहिजे, त्याने 48 तासांत पोच दिली पाहिजे. ज्याने काहीच दाखवलं नाही त्याच्यावर तक्रार करायची तर तो पत्ता मी कुठून आणू? पैसे पाठवायच्या आधी त्या पेजवर पूर्ण पत्ता शोधा. नसेल तर तिथून काही घेऊ नका, सुई-दोरासुद्धा.

सीटबद्दल विचाराल तर शेवटी जवळच्या एका सायकलवाल्याकडून 2,400 ला स्टील रेलची, 142 ची घेतली. पक्कं बिल घेतलं. त्याने मला माझ्याच सायकलवर ती लावून दोन फेऱ्या मारू दिल्या. त्याआधी लेव्हल लावून जुनी सीट सपाट केली आणि दोन सेंटिमीटर खाली घेतली, टाच पॅडलवर खाली असताना पाय सरळ व्हायला हवा, माझा ताणला जात होता. निम्मा त्रास तिथेच गेला. नवी सीट विकत घ्यायच्या आधी जुनीच नीट लावून बघा. हे मला कोणी जुलैत सांगितलं असतं तर.

हे आज लिहायचं कारण वेगळं. परवा त्या चोराचं पेज नव्या नावाने दिसलं. तीच सीट, किंमत 6,499. "आमचे समाधानी ग्राहक" म्हणून खाली फोटो टाकलेत. तिसरा फोटो माझ्या पुठ्ठ्याचा आहे. निळा खडू, 117 हा माझ्या हातचा आकडा, कोपऱ्यात आमच्या स्टुलाचा तुटका पाय. मी रिपोर्ट केलं, उत्तर आलं की या पोस्टमध्ये काही चुकीचं आढळलं नाही. तो पुठ्ठा दिसला तर पैसे पाठवू नका. घरातल्या, ग्रुपवरच्या सगळ्यांना दाखवून ठेवा.