जपानची पहिली सहल: जेआर पास घ्यावा की सुटी तिकिटं?

जपानला पहिल्यांदा निघालेल्या माणसाला व्हिसा आणि विमानाचं काम उरकलं की तिसरा सल्ला हमखास मिळतो, ‘जेआर पास घेऊन टाका, पैसे वसूल होतात.’ जेआर म्हणजे जपान रेल्वे, आणि हा पास तिच्या गाड्यांतून ठरावीक दिवस देशभर हवं तितकं फिरू देतो. एके काळी हा सल्ला अगदी रास्त होता. सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनला मिळायचा आणि टोकियोहून क्योटोला जाऊन परत आलं की त्यातले बहुतेक पैसे तिथेच फिटायचे. १ ऑक्टोबर २०२३ पासून तोच पास ५०,००० येनांचा झाला. चौदा दिवसांचा ८०,००० आणि एकवीस दिवसांचा १,००,०००. सल्ला मात्र अजून जुन्याच दराच्या हिशोबाने दिला जातो आणि त्यापायी लोकांचे चांगले पैसे वाया जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माझं मत आधीच सांगतो. पहिली सहल टोकियो, क्योटो, ओसाका अशी असेल तर देशभराचा पास घेऊ नका. पण सगळ्यांच्या सहली अशाच नसतात, म्हणून दोन्ही बाजू नीट मांडतो.

आकडे काय म्हणतात

खालची भाडी शिनकानसेनपैकी (जपानची बुलेट ट्रेन) नोझोमी या सर्वांत वेगवान गाडीतल्या आरक्षित जागेची आहेत. हंगामाप्रमाणे दोन-चारशे येन इकडे तिकडे होतात आणि दर अधूनमधून बदलतातही, तेव्हा निघण्यापूर्वी ताजे आकडे पाहून घ्या.

टोकियो ते क्योटो सुमारे १४,२०० येन. क्योटो ते ओसाका साध्या जलद गाडीने अर्धा तास, सहाशे येनांच्या आत. ओसाका ते टोकियो सुमारे १४,७००. म्हणजे पहिल्या सहलीचा नेहमीचा त्रिकोण तीस हजारांच्या अलीकडेच आटोपतो. पन्नास हजारांचा पास घेतलात तर उरलेले वीस हजार येन कुठून वसूल करणार? नारा, उजी, फुशिमी इनारी ही क्योटोच्या आसपासची ठिकाणं तर काहीशे येनांत होतात. क्योटो स्थानकातून इनारीला जेआरने जायला १५० येन लागतात.

आता त्यात हिरोशिमा घाला. टोकियो–क्योटो, मग क्योटो–हिरोशिमा साडेअकरा हजारांच्या आसपास, आणि हिरोशिमाहून थेट टोकियो सुमारे १९,७००. बेरीज पंचेचाळीस हजारांच्या जवळपास जाते. म्हणजे इतकं लांब जाऊनही पास महागच पडतो. बरोबरी गाठायला आणखी एक-दोन लांबचे फेरे हवेत.

मुलांचं गणित दोन्हीकडे सारखंच आहे. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना अर्धं भाडं, पासही अर्ध्या किमतीत. सहा वर्षांखालच्या मुलांना वेगळी जागा घेतली नाही तर भाडं नाही.

पासात काय बसत नाही

१९८७ साली जपानच्या सरकारी रेल्वेचे तुकडे झाले आणि प्रवासी वाहतुकीच्या सहा प्रादेशिक कंपन्या निघाल्या. जेआर पास या सहाही कंपन्यांच्या गाड्यांवर चालतो. पण जपानमध्ये खासगी रेल्वेचंही मोठं जाळं आहे आणि पहिल्या सहलीतली बरीच आवडती ठिकाणं नेमकी त्यावर येतात. टोकियोतल्या शिंजुकूहून हाकोनेला नेणारी सोयीची गाडी ओदाक्यू कंपनीची. फुजी पर्वताजवळच्या कावागुचिको सरोवराकडे जाताना शेवटचा टप्पा फुजीक्यूचा. कोयासानला नानकाई. नाऱ्याला जेआरही जाते, पण किंतेत्सूचं स्थानक हरणांच्या बागेला जास्त जवळ आहे. टोकियोच्या भुयारी गाड्या पासात नाहीत आणि क्योटोच्या शहर बसेसही नाहीत. हे सगळं पास घेतल्यावरही खिशातूनच जातं.

आणि नोझोमी! टोकियो–ओसाका मार्गावर सगळ्यात जास्त धावणारी गाडी हीच. पूर्वी पासधारकांना तिच्यात बसायलाच मनाई होती. २०२३ पासून परवानगी आहे, पण वेगळे पैसे भरून. टोकियो–क्योटोला एका खेपेचे ४,९६० येन. ते नको असतील तर हिकारी या थोड्या संथ शिनकानसेनने जायचं. नोझोमीला क्योटो गाठायला सव्वादोन तास लागतात, हिकारीला पावणेतीनच्या जवळपास. हा फरक फार मोठा नाही. खरा फरक असा की हिकारी तासाला दोनच असतात, तर नोझोमी दर काही मिनिटांनी सुटते. हिरोशिमाला जाताना तर हिकारीतून उतरून मध्येच साकुरा ही दुसरी शिनकानसेन पकडावी लागते आणि चार तासांचा प्रवास पाच तासांवर जातो.

पासाच्या बाजूने

एवढं असूनही पास अगदीच टाकाऊ नाही. सात दिवसांत खरोखर लांबवर फिरणाऱ्यांना तो आजही फायद्याचा आहे. टोकियोहून हिरोशिमा करून परत, मग उत्तरेला सेंदाई आणि परत, एवढ्यातच साठ हजार ओलांडतात. टोकियोहून फुकुओकाला रेल्वेने जाऊन-येऊन सत्तेचाळीस हजारांच्या आसपास होतात आणि वाटेत हिमेजी, ओकायामा, हिरोशिमा असं उतरत जाणाऱ्याचे पैसे सहज फिटतात.

दुसरा फायदा मोकळेपणाचा. सकाळी उठून आकाश पाहायचं आणि ठरवायचं, आज हिमेजीचा किल्ला. दर वेळी भाड्याचा विचार नाही, गाडी चुकली तर पुढची धरायची. ज्यांना आखीव कार्यक्रमात घुसमटायला होतं त्यांनी या मोकळेपणाची किंमत मोजली तर मी त्यांना अडवणार नाही.

मात्र पासाचे दिवस सलग मोजले जातात, तेही तारखेप्रमाणे. दुपारी सुरू केलात तरी तो दिवस पूर्ण धरला जातो. म्हणून टोकियोत पहिले तीन-चार दिवस असाल तर पास त्यानंतरच सुरू करावा. तो तात्पुरत्या भेटीवर आलेल्या परदेशी प्रवाशांसाठीच आहे, त्यामुळे पासपोर्टवर तशी नोंद लागते. विमानतळावर स्वयंचलित दारातून आलात आणि नोंद झाली नसेल, तर तिथल्या अधिकाऱ्याकडून ती मागून घ्या. पास हरवला तर दुसरा मिळत नाही, हे घरच्या सगळ्यांना बजावून ठेवा.

पण माझी खरी हरकत पैशांच्या पलीकडची आहे. पास हातात आला की माणूस वसुलीच्या मागे लागतो. क्योटोत तीन दिवस निवांत राहायचं सोडून रोज एक शहर गाठलं जातं. पहाटे उठून गाडी, रात्री उशिरा परत. किंमत वसूल होते, पण क्योटो बघायचं राहून जातं.

सुटी तिकिटं खरंच किचकट असतात का?

लोक पास घेतात त्यामागे बहुतेक वेळा तिकिटांची धास्ती असते, म्हणून हे जरा जवळून सांगतो. शिनकानसेनसाठी स्थानकावरच्या यंत्रातून बहुधा दोन कागद हाती येतात. एक अंतराच्या भाड्याचा, दुसरा जलद गाडीच्या अधिभाराचा. फाटकाशी दोन्ही एकावर एक ठेवून एकाच फटीत सारायचे. क्षणभरात ते पलीकडच्या टोकाला वर येतात. ते आठवणीने उचलायचे, कारण उतरल्यावर पुन्हा लागतात. फलाटावर डब्यांचे क्रमांक लिहिलेले असतात आणि गाडीचं दार बरोबर त्या खुणेपाशी येतं. क्योटोला गाडी जेमतेम एक-दोन मिनिटं थांबते, तेव्हा स्थानकाची घोषणा झाली की सामान घेऊन दाराशी यावं.

याहून सोपा मार्ग म्हणजे स्मार्ट ईएक्स हे ॲप. टोकियोपासून क्युशूपर्यंतच्या शिनकानसेनची जागा त्यावर घरबसल्या निवडता येते, नेहमीच्या आरक्षणात गाडी सुटेपर्यंत वेळ फुकट बदलता येते आणि आधी काढलेल्या काही तिकिटांवर थोडी सूटही असते. टोकियोहून क्योटोकडे जाताना साध्या डब्यात ‘ई’ क्रमांकाची खिडकी घ्या. हवा स्वच्छ असेल तर पाऊण तासाने उजव्या हाताला फुजी दिसतो. काही परदेशी कार्डं या ॲपवर चालत नाहीत. तसं झालं तर स्थानकावर काढावं, बहुतेक दिवशी जागा मिळते. अपवाद तीनच: एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीचा गोल्डन वीक, ऑगस्टच्या मध्यातला ओबोन आणि नववर्षाची सुट्टी. तेव्हा नोझोमीत बिनआरक्षित डबेच नसतात. या दिवसांत पास असो वा तिकीट, जागा आधी पक्की करायलाच हवी.

मला सर्वांत पटणारा पर्याय

पास की तिकिटं या वादात एक तिसरा पर्याय मागे पडतो, तो म्हणजे प्रादेशिक पास. जेआर वेस्ट या पश्चिमेकडच्या जेआर कंपनीचा कानसाई (क्योटो-ओसाकाचा भाग)–हिरोशिमा पास पाच दिवसांचा असतो आणि १७,००० येनांच्या आसपास मिळतो. त्यात शिन-ओसाका (ओसाकाचं शिनकानसेन स्थानक) ते हिरोशिमा शिनकानसेन, हिमेजी, नारा, मियाजिमा बेटाकडे जाणारी जेआरची बोट आणि कानसाई विमानतळावर नेणारी हारुका गाडी हे सगळं येतं. शिन-ओसाका ते हिरोशिमाचं नुसतं जाण्या-येण्याचं भाडंच एकवीस हजारांच्या घरात आहे. फक्त क्योटो ते शिन-ओसाका या टप्प्यावर हा पास शिनकानसेनला चालत नाही, साधी जलद गाडी धरावी लागते. ती पंचवीस मिनिटांत पोचवते.

हा पास खरा खुलतो तो विमानाच्या तिकिटाशी जोडल्यावर. उतरायचं टोकियोला आणि परतीचं विमान ओसाकाजवळच्या कानसाईहून धरायचं. मग टोकियो–क्योटोचं एकच सुटं तिकीट लागतं, पुढचं सगळं या पासावर. एकूण एकतीस-बत्तीस हजार येनांत हिरोशिमा, मियाजिमा, हिमेजी, नारा आणि विमानतळसुद्धा! शिवाय परतीच्या प्रवासात जाणारा अर्धा दिवस हातात राहतो. पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाला मी डोळे झाकून हेच सुचवेन. अट एकच, विमानाचं तिकीट काढतानाच हे ठरवायला हवं.

कानाझावा बघायची इच्छा असेल तर टोकियोहून तिकडून ओसाकाला नेणारा होकुरिकू आर्च पास आहे, ३०,००० येनांचा. मार्च २०२४ मध्ये तिकडची शिनकानसेन त्सुरुगापर्यंत पोचली, तिथे गाडी बदलून क्योटोला यायचं. वाटेत दोन-तीन ठिकाणी उतरणार असाल तरच तो घ्या. क्योटोहून टोकियोला थेट नेणारी शिनकानसेन मात्र या पासात नाही.

शहरात फिरायला

इथे फार विचार करायची गरज नाही. सुइका, पास्मो किंवा इकोका, यातलं आधी पैसे भरून वापरायचं कुठलंही एक कार्ड घ्या. ही कार्डं एकमेकांच्या शहरांत चालतात, बस-मेट्रोला चालतात, दुकानातही चालतात. आयफोनमध्ये सुइका थेट उघडता येतं. जपानबाहेर विकल्या गेलेल्या अँड्रॉइड फोनमध्ये मात्र बहुधा चालत नाही, मग प्लास्टिकचं कार्ड. पर्यटकांसाठीच्या वेलकम सुइकाला अनामत लागत नाही, पण ते अठ्ठावीस दिवसच चालतं आणि उरलेली रक्कम परत मिळत नाही. कार्डात पैसे बेताने भरा. प्लास्टिकच्या कार्डात पैसे बहुतेक ठिकाणी रोखीनेच भरावे लागतात, म्हणून थोड्या नोटा जवळ असू द्या.

टोकियोत मेट्रोचं चोवीस, अठ्ठेचाळीस किंवा बहात्तर तासांचं तिकीट मिळतं. दिवसाला चार-पाच वेळा भुयारी गाडीत बसणाऱ्याला ते परवडतं. यामानोते मार्गावर ते चालत नाही, कारण तो जेआरचा.

सामान

पास घ्या की तिकीट, मोठ्या बॅगांचा नियम दोघांनाही लागू आहे. लांबी, रुंदी, उंचीची बेरीज १६० सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर टोकियो–ओसाका–फुकुओका मार्गावर सामानाच्या जागेसह आसन आधी राखून ठेवावं लागतं. त्याचे वेगळे पैसे नाहीत, पण न राखता चढलात तर १,००० येन पडतात. मी मात्र म्हणेन, मोठी बॅग गाडीत नेऊच नका. हॉटेलच्या काउंटरवरून ‘ताक्क्यूबिन’ या सामान पोचवणाऱ्या सेवेने ती पुढच्या हॉटेलात पाठवता येते. टोकियोहून क्योटोला साधारण दुसऱ्या दिवशी पोचते, आकाराप्रमाणे दोन-तीन हजार येन लागतात. एका रात्रीचे कपडे आणि औषधं पाठीवरच्या पिशवीत घ्या. वयस्क आई-वडील किंवा लहान मुलं बरोबर असतील तर पास न घेऊन वाचलेल्या पैशांतला पहिला खर्च इथे करा.