इनोरीडर : कोकणच्या बातम्यांवर नजर ठेवायला कितपत कामाचं?

नेटवाइब्स हे संकेतस्थळ २०२५ च्या जूनमध्ये बंद झालं आणि हवामान, बातम्या, बाजारभाव एकाच पानावर मांडून ठेवणाऱ्यांची पंचाईत झाली. पर्याय म्हणून इनोरीडरचं नाव हमखास पुढे येतं. फीड, म्हणजे संकेतस्थळावरच्या नव्या मजकुराची आपोआप ताजी होणारी यादी, एका जागी वाचायचं हे साधन बल्गेरियातल्या सोफियाचं, २०१३ सालचं, म्हणजे गूगल रीडर बंद पडलं त्याच वर्षीचं. गुहागरचा होमस्टेवाला, देवगडचा बागायतदार, हर्णैच्या मच्छीमार सोसायटीचं ऑफिस किंवा तालुक्याचा वार्ताहर यांनी ते घ्यावं का? फीड वाचायला झकास आहे, डॅशबोर्ड (सगळं एका नजरेत दाखवणारं पान) ठीकठाक आहे. मराठी शोधशब्दांवर नजर ठेवायची असेल तर मात्र बैठक मारून सेटिंग करावं लागतं.

फुकट योजनेत १५० फीड जोडता येतात. एका जिल्ह्याला तेवढ्या पुरून उरतात. कोकणातली बरीच स्थानिक पोर्टलं वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या तयार साधनावर आहेत. नुसता मुख्य पत्ता टाकला तरी इनोरीडर फीड हुडकून काढतं. नाहीच सापडली तर पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन इंग्रजीत ‘फीड’ लिहून बघा. यूट्यूब चॅनेलची लिंकही तशीच चालते, आणि आपल्याकडे ती जोडाच, कारण घाट बंद झाल्याची बातमी लेखी येण्याआधी व्हिडिओत येते.

शोधशब्दावर कायम नजर ठेवायची सोय पैसे भरणाऱ्यांना आहे. पण ही नजर सगळ्या इंटरनेटवर फिरत नाही. इनोरीडरच्या साठ्यात ज्या फीड आधीच आहेत त्यांतच ती शोधते. लांज्याचं एखादं छोटं पोर्टल कोणीच जोडलेलं नसेल तर तिथली बातमी तुम्हाला कधीच दिसणार नाही. म्हणून आधी आपली पोर्टलं स्वतः जोडा, पैसे मागाहून भरा.

फुकटात भागवायचं असेल तर गूगल न्यूजवर मराठीत शोध घ्या आणि वर आलेल्या पत्त्यात ‘सर्च’च्या आधी इंग्रजीत ‘आरएसएस’ आणि तिरकी रेघ घाला. तो पत्ता थेट फीड म्हणून चालतो. पत्त्यातला भाषेचा आणि देशाचा भाग मात्र पुसू नका, नाहीतर इंग्रजी बातम्यांचा रतीब सुरू होतो. या फीडमध्ये मथळाच येतो, मजकूर येत नाही; त्यामुळे मजकुरात शब्द शोधणारे रूल (ठरावीक शब्द आला की आपोआप काम करणारे नियम) इथे चालत नाहीत.

आता खरी मेख. ‘राजापूर’ हा शब्द दिला की ‘राजापुरात’, ‘राजापुरातील’ निसटतात, कारण प्रत्यय लागला की पू ऱ्हस्व होतो. चिपळूण-चिपळुणात, वेंगुर्ला-वेंगुर्ल्यात, आंबा-आंब्याला, सगळीकडे हीच गत. ‘राजाप’ एवढाच तुकडा दिला तर अमरावतीच्या राजापेठेतल्या चोऱ्यामाऱ्या गळाला लागतात. रूलमध्ये रेगेक्सची, म्हणजे शब्दाचा साचा देऊन शोधायची, सोय आहे, तिथे राजाप[ूु]र असं लिहा. चौकटी कंसातलं कुठलंही एक चिन्ह चालतं, त्यामुळे दोन्ही रूपं सापडतात. साध्या शोधात ही युक्ती नाही; तिथे प्रत्येक रूप वेगळं लिहून मध्ये इंग्रजी मोठ्या अक्षरांत ‘ऑर’ टाकायचा.

त्याहून छुपी भानगड ‘किनाऱ्यावर’ची. यातला ऱ्य संगणकावर दोन तऱ्हांनी टंकला जातो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधयंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. उधाणाच्या बातम्या हव्या असतील तर ‘किनारपट्टी’, ‘उधाण’, ‘समुद्र’, ‘समुद्रात’ हे बिनधोक शब्द द्या.

नको ते वगळणारे फिल्टरही पैसे भरल्यावरच मिळतात, आणि गावांच्या नावांसाठी ते लागतातच. खेड पुणे जिल्ह्यातही आहे, कुडाळ साताऱ्यातल्या जावळीतही, मुरूड लातुरातही. मुरूडच्या तर रायगड आणि दापोली अशा आपल्याच दोन जागा. ‘खेड’सोबत राजगुरुनगर, चाकण वगळा, ‘कुडाळ’सोबत जावळी, मेढा. वादळांची नावं हा आणखी एक ताप. २०२० च्या ‘निसर्ग’चे जुने पंचनामे हुडकायला नुसता तो शब्द टाकाल तर कोकण पर्यटनाच्या जाहिरातींचा पूर येईल; ‘निसर्ग चक्रीवादळ’ अवतरणचिन्हांत द्या. २०२१ चं तौक्ते कुठे ‘तौते’, कुठे ‘ताऊते’ छापलंय, तेव्हा तिन्ही घ्या. ‘हापूस’ला ‘वाशी’ आणि ‘आवक’ जोडलं की पाककृती बाजूला पडून बाजारभाव वर येतात.

डॅशबोर्डवर फोल्डरनिहाय खिडक्या मांडता येतात, पण नेटवाइब्ससारखी मोकळीक नाही. भरतीचं वेळापत्रक, लिंकांची यादी, टिपणं असलं सगळं एका पानावर हवं असेल तर त्यासाठी स्टार्ट डॉट मी हे दुसरं संकेतस्थळ अधिक सोयीचं.

ज्या फीडला वाचक कमी, ती उशिरा ताजी होते, आणि आपली स्थानिक पोर्टलं नेमकी त्यातच मोडतात. तेव्हा बोट बाहेर काढायची की नाही हे इथे बघून ठरवू नये. त्यासाठी हवामान खातं आणि इन्कॉइस (समुद्राचे अंदाज देणारी सरकारी संस्था) यांचे इशारे थेट त्यांच्याकडेच बघावेत. महामार्गाचं काम, मासेमारीबंदी, रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक, भरपाईचे निर्णय अशा तासा-दोन तासांनी कळल्या तरी चालणाऱ्या बातम्यांना हे पुरेसं आहे.

व्हॉट्सअॅप ग्रुपवरचं काही इथे येत नाही. जिल्हा आवृत्त्यांचे ई-पेपरही पान म्हणजे चित्रच असलं की सापडत नाहीत. ते सकाळी कोणीतरी उघडून वाचायलाच हवेत. आणि सेटिंगमधून ओपीएमएल फाइल, म्हणजे जोडलेल्या फीडची यादी, दर महिन्याला उतरवून ठेवा. दुसऱ्या कुठल्याही रीडरमध्ये तीच यादी चढवता येते, मात्र रूल आणि फिल्टर तिच्यात येत नाहीत. ते वहीत वेगळे लिहून ठेवावे लागतात.